ड्रायर घ्यावा की दोरीच बरी?

निवांत
नव्या घरात आल्यापासून कपडे वाळवणं हा रोजचा तंटा झालाय. बाल्कनी आहे, वाराही बरा असतो, पण समोरच्या इमारतीमुळे ऊन जवळजवळ येतच नाही. घरात माणसं सहा. त्यात एक रांगतं बाळ आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. त्यामुळे दुपटी, चादरी आणि त्यांच्या मालिशीचे टॉवेल असा ढीग रोजचाच. पाऊस लागला की खुर्च्यांच्या पाठी, दारं, पलंगाचे कठडे, जिथे जागा दिसेल तिथे कपडे. तरी जीन्सच्या कमरेला हात लावला तर ओलसरच.

मी म्हणते, ड्रायर घेऊन मोकळं व्हावं. नवऱ्याचं म्हणणं, वीज खाईल आणि कपड्यांची वाट लावेल. सासूबाईंचं म्हणणं, उन्हाचा वास नसेल तर कपडा धुतल्यासारखा वाटतच नाही. तिघांचंही थोडंथोडं पटतं, म्हणून इथे विचारतेय. मशीन घ्यायचंच तर कुठलं? आणि नाहीच घेतलं तर कपडे वेळेत वाळावेत म्हणून काय करावं?

चिमटेबहाद्दर
दोरी. विषय संपला. :)

गंमत सोडा, पण तुमच्याकडे वारा आहे ना? मग ऊन नाही म्हणून इतकं वाईट वाटून घेऊ नका. ओल्या कपड्याला चिकटून दमट हवेचा एक थर बसलेला असतो. तो हलला नाही तर ऊन असूनही कपडा रखडतो. वारं सुटलेल्या ढगाळ दिवशी कपडे कसे भराभर वाळतात ते आठवा.

खटपट्या
आमच्याकडे ड्रायर आल्यापासून घरातली भांडणं निम्म्याने कमी झालीत, एवढंच सांगतो. आता भांडण आहे ते घड्या कोणी घालायच्या यावरून.

उष्मांक
निवांतताई, विजेचा हिशोब मांडतो. जरा लांबेल, पण यातूनच कुठलं मशीन घ्यायचं तेही कळेल.

एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण २४०० किलोज्यूल उष्णता लागते, म्हणजे अंदाजे दोन तृतीयांश युनिट. यात पळवाट नाही. उन्हात वाळवा, पंख्याखाली वाळवा की मशीनमध्ये, एवढी उष्णता कुठून तरी यावीच लागते. बाहेर ती हवेतून आणि उन्हातून फुकट मिळते.

आता कपड्यात पाणी किती उरतं ते बघा. पाच किलो सुती कपडे मिनिटाला आठशे फेऱ्यांवर पिळले तर त्यांच्या कोरड्या वजनाच्या साधारण ७० टक्के पाणी त्यांच्यात राहतं, म्हणजे साडेतीन लिटर. १४०० फेऱ्यांवर पिळले तर ५० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे अडीच लिटर. हे मधलं एक लिटर पाणी काढायला वॉशिंग मशीनच्या मोटरला नगण्य वीज लागते, आणि तेच तापवून उडवायला दोन तृतीयांश युनिट. त्यामुळे ड्रायर घ्या किंवा घेऊ नका, पहिलं काम म्हणजे वॉशिंग मशीनची पिळण्याची गती वाढवणं. दोरीवर टाकणाऱ्यांनाही याचा तेवढाच फायदा.

उरलेल्या अडीच लिटरसाठी साध्या हीटरच्या ड्रायरला तीनेक युनिट लागतात. मग तो गरम दमट हवा नळीने बाहेर फेकणारा व्हेंटेड असो, नाहीतर वाफ थंड करून टाकीत पाणी जमवणारा कंडेन्सर. दोघांचा खर्च साधारण सारखाच.

हीट पंपचा ड्रायर मात्र तेवढंच काम एक ते सव्वा युनिटात करतो. वरच्या हिशोबाने अडीच लिटरला निदान पावणेदोन युनिट लागायला हवीत, मग याला कमी कशी पुरतात? कारण वाफेचं परत पाणी होताना तीच उष्णता मोकळी होते. हीट पंप ती पकडतो आणि पुन्हा ड्रममध्ये जाणाऱ्या हवेला देतो. फ्रिजमध्ये असतो तसाच कॉम्प्रेसर इथे असतो. वीज लागते ती उष्णता इकडून तिकडे हलवायला, ती नव्याने तयार करायला नाही.

तोटा म्हणजे वेळ. हीटरवाला तास-दीड तासात मोकळा करतो, हा दोन-तीन तास घेतो. पण हवा कमी तापवत असल्याने कपड्यांना सोसवतो.

निवांत
उष्मांकदादा, हा हिशोब नवऱ्याला जसाच्या तसा वाचून दाखवला. "मग आधी फेऱ्या वाढव" म्हणाले. मशीन आजवर आठशेवरच चालू होतं, १४०० चा पर्याय तिथेच होता!

चिमटेबहाद्दर
म्हणजे जीन्सचं कोडं सुटलं. फक्त सरसकट १४०० नको. टॉवेल, चादरी, जीन्स, सुती अंतर्वस्त्रं बिनधास्त. शर्ट आणि सिंथेटिक कपडे हजाराच्या खालीच ठेवा, नाहीतर अशा चुण्या पडतात की इस्त्री हात टेकते. सिंथेटिक मुळातच पाणी कमी धरतं, त्याला एवढ्या पिळाची गरजही नसते.

नेमकंच
कपड्यांची वाट लागते का, याबद्दल. लागते, पण दोन्हीकडे लागते. लोक एकीकडचंच बोलतात.

ड्रायरच्या जाळीवर जो मऊ लगदा जमतो तो तुमच्या कपड्यांचाच असतो. एकमेकांवर घासून तुटलेले तंतू. त्यातले बरेच आधी वापरताना आणि धुताना सुटलेले असतात, पण काही ड्रममध्येच सुटतात. सुती कपडा आटतो. लोकर उष्णतेने नुसती आटत नाही, आपटून आपटून तिचे तंतू एकमेकांत अडकतात आणि नमद्यासारखं घट्ट कापड होतं, ते पुन्हा सैल होत नाही. स्ट्रेचच्या कपड्यात इलॅस्टेन असतं, ते उष्णतेने मरतं. लेगिंग्ज आणि मोज्यांच्या पट्ट्या सैल पडतात त्या यामुळेच.

आणि ऊन? रंग उडवतं. नायलॉन आणि रेशीम अतिनील किरणांनी कमजोर होतं. पांढरी लोकर पिवळी पडते. ओला स्वेटर दोरीला लटकवला की स्वतःच्याच वजनाने गुडघ्यापर्यंत येतो. खांद्यावर चिमट्यांची शिंगं येतात ती वेगळीच.

माझं मत विचाराल तर ड्रायरमध्ये कपडे खराब होतात त्यातलं निम्मं नुकसान वाळून झाल्यावरही फिरवत ठेवल्याने होतं. वेळ लावून चालणारं मशीन घेऊच नका, ओलावा ओळखून थांबणारं घ्या. आणि "एक्स्ट्रा ड्राय" हे बटण का ठेवतात मला कळत नाही. कापसात नैसर्गिकरीत्या काही टक्के ओलावा असतोच. तोही काढून टाकला की कापड कडक होतं, आणि बाहेर आल्यावर ते हवेतून पुन्हा ओलावा शोषून घेतं. म्हणजे वीजही फुकट.

खटपट्या
+१. शर्ट किंचित दमट असतानाच काढून हँगरला लावतो. इस्त्री जवळजवळ बंद झाली.

दोन_शिंका
बाहेर वाळवण्याचं इतकं कौतुक चाललंय म्हणून आमच्यासारख्यांची बाजू. परागकणांची ॲलर्जी असेल तर त्या हंगामात बाहेर वाळवलेली चादर म्हणजे रात्रभर नाकाशी धरलेलं संकट. ओलं कापड परागकण छान टिपून ठेवतं. त्या दिवसांत आमच्या उश्यांचे अभ्रे आणि चादरी बाहेर जातच नाहीत. बाकीचे कपडे जातात. घरात कोणाला असा त्रास असेल तर निवांतताई, हेही धरा. रस्त्यालगत बाल्कनी असेल तर धुळीचंही तेच.

सावलीतली
सासूबाईंच्या उन्हाच्या वासाबद्दल. तो मनाचा खेळ नाही. कोपनहेगन विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञांनी यावर काम केलंय, २०२० मध्ये छापून आलं. अतिशुद्ध पाण्यात धुतलेले सुती टॉवेल त्यांनी तीन ठिकाणी वाळवले: अंधाऱ्या खोलीत, बाल्कनीत पण सावलीखाली, आणि थेट उन्हात. मग त्यांतून निघणारे वायू तपासले. उन्हातल्या टॉवेलात पेंटॅनाल, ऑक्टॅनाल, नोनॅनाल अशी अल्डिहाइड्स आणि काही कीटोन्स सापडली, जी बाकीच्यांत नव्हती. हीच मंडळी अत्तरांतही भेटतात. ओल्या कापडावर ऊन पडलं की तिथे रासायनिक क्रिया होते आणि वास कापसात मुरून राहतो. तेव्हा सासूबाईंचं नाक पक्कं आहे!

पण वास चांगला म्हणजे जंतू मेले, असं नाही. ओलसर राहिलेल्या कपड्यांना जो कुबट वास येतो, त्यामागे मुख्यतः मोरॅक्सेला जातीचे जिवाणू असतात, असं जपानमधल्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं. त्यातला मोरॅक्सेला ऑस्लोएन्सिस कोरडेपणाही सोसतो आणि अतिनील किरणंही बऱ्यापैकी सोसतो. म्हणूनच कुबट टॉवेल उन्हात टाकला की बरा वाटतो आणि पुन्हा ओला झाला की परत तोच वास. त्यावर उपाय वाळवणं नाही, गरम पाण्यात धुणं. टॉवेलला चालत असेल तर ६० अंशांवर, तेही मशीन गच्च न भरता.

निवांत
पेंटॅनालचं त्यांना सांगितलं. "नाव काही का असेना" म्हणाल्या, पण खूश झाल्या. :)

एक शंका. बाल्कनीत वाळलेले टॉवेल अगदी पापडासारखे कडक होतात. बाळाचं अंग पुसायला नकोसे वाटतात. ते पावडर नीट न निघाल्यामुळे का?

सावलीतली
पावडर उरली तर कडकपणा वाढतो हे खरं, पण स्वच्छ टॉवेलही कडक होतोच. जपानमधल्या एका साबण-सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीने होक्काइडो विद्यापीठासोबत याचा छडा लावला, तोही २०२० मध्येच. वाळल्यावरही कापसाच्या तंतूंवर पाण्याचा अगदी पातळ थर राहतो. तो थर शेजारच्या तंतूंना एकमेकांशी चिकटवून ठेवतो आणि सगळं जाळं ताठ होतं. ड्रायरमध्ये कापड सतत हलत असल्याने हे जोड बसतच नाहीत.

म्हणून उपाय साधा. टॉवेल वाळत घालण्याआधी जोरात झटका, आणि वाळत आल्यावर काढून हातांनी चोळा, पुन्हा झटका. घरात ड्रायर असेल तर दोरीवर वाळलेले टॉवेल दहा मिनिटं नुसत्या हवेवर फिरवून काढा, लगेच मऊ होतात. सॉफ्टनर मात्र टॉवेलला नको. तंतूंवर त्याचा थर बसतो आणि टॉवेल पाणी टिपेनासा होतो.

अवांतरकर
मंडळी, जरा अवांतर. ज्या स्प्रिंगच्या चिमट्यावर चिमटेबहाद्दरांचं साम्राज्य उभं आहे, त्याचं पेटंट अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या डेव्हिड स्मिथने १८५३ मध्ये घेतलं. आणि १८९२ मध्ये जॉर्ज सॅम्पसन यांनी कपडे वाळवण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. ती चुलीच्या उष्णतेवर कपडे वाळवणारी चौकट होती. म्हणजे तुमचं भांडण सव्वाशे वर्षं जुनं आहे.

अजून एक. बाहेर कपडे दिसले की इमारतीची शोभा जाते, म्हणून कित्येक वसाहतींत दोरीला बंदी असते. कॅनडातल्या ओंटारियो प्रांताने २००८ मध्ये अशा बंद्या मोडीत काढल्या, का तर वीज वाचावी. पुढच्या वर्षी व्हरमाँटनेही तेच केलं. चिमटा तिथलाच, लाज राखली म्हणायची.

चिमटेबहाद्दर
याला म्हणतात अवांतर! ओंटारियोला सलाम.

जाणता_राहिलो_नाही
निवांत, तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये एक गोष्ट आहे आणि कोणीच तिकडे पाहिलं नाही. मालिशीचे टॉवेल. ते ड्रायरमध्ये टाकणार असाल तर आधी हे वाचा.

वनस्पती तेल हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू जळतं म्हणा, ऑक्सिडेशन होतं आणि त्यातून उष्णता निघते. पसरलेल्या कापडातून ती निघून जाते. पण तेल राहिलेले टॉवेल ड्रायरमध्ये चांगले तापले, आणि तसेच गरम गरम ढिगात किंवा बादलीत कोंबून ठेवले, तर आतली उष्णता बाहेर पडत नाही. उष्णतेने क्रिया वाढते, क्रियेने उष्णता. काही तासांनी ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. मसाज पार्लर आणि हॉटेलांच्या लाँड्रीत अशा आगी लागल्या आहेत. जवसाचं तेल यात सगळ्यांत वाईट, पण सूर्यफूल, तीळ वगैरेही निर्धोक नाहीत. एकदा धुतल्याने तेल पूर्ण जातं असं समजू नका. कोरड्या टॉवेलला तेलाचा वास येत असेल तर तेल आहे.

बहुतेक ड्रायरच्या माहितीपुस्तिकेत हे लिहिलेलं असतं, वाचतं कोण? फोम-रबर असलेल्या वस्तू, उशा, गाद्या हेही त्याच यादीत. आणि शेवटची दहा मिनिटं मशीन थंड हवा फिरवतं ते उगाच नाही. "वाळले असतील" म्हणून मध्येच बंद करून गरम ढीग आत ठेवू नये.

निवांत
बाप रे. हे अजिबातच माहीत नव्हतं. मग ते टॉवेल कायम दोरीवरच, ठरलं. त्यांची बादलीही वेगळी करते.

उष्मांक
फार महत्त्वाचा प्रतिसाद. त्याला जोडून: जाळी दर वेळी साफ करायची. मध्येमध्ये नाही, दर वेळी. ड्रायरच्या आगींमागे सगळ्यांत मोठं कारण सफाईचा आळस हेच निघतं. तो लगदा म्हणजे आयतं सरपण. व्हेंटेड असेल तर बाहेर जाणारी नळीही साफ ठेवायची, आणि ती धातूची हवी, प्लॅस्टिकची नको.

खटपट्या
वॉशर-ड्रायर एकत्र असतो त्याचं कोणी बोललं नाही. जागा वाचते म्हणून मोह होतो. लक्षात ठेवा, धुण्याची क्षमता आठ किलो असेल तर वाळवण्याची पाचच्या आसपास असते. गच्च भरून धुतलं तर निम्मे कपडे बाहेर काढावे लागतात, नाहीतर सगळे अर्धवट वाळून चुरगळतात. शिवाय साध्या प्रकारात वाफ थंड करायला नळाचं पाणी वाहतं राहतं, ते थेट गटारात. आणि एक खेप वाळत असताना दुसरी धुता येत नाही. सहा माणसांच्या घरात हे झेपणार नाही.

हीट पंपवाला घेतलात तर बंद कपाटात किंवा माळ्यावर ठेवू नका. भोवतालची हवा साधारण ५ ते ३५ अंशांत असली तर तो नीट चालतो. टाकीत जमणारं पाणी फरशी पुसायला वापरा, त्यात बारीक तंतू असतात म्हणून पिण्याला किंवा बाळाच्या कशालाच नको.

दोन_शिंका
घरात स्टँडवर वाळवणं या प्रकाराबद्दल मला भीती आहे. उष्मांक म्हणाले ते अडीच लिटर पाणी शेवटी खोलीतच जातं ना?

उष्मांक
हो, आणि हवा ते फार झेलू शकत नाही. ३० अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅम वाफ मावते. २० अंशांना १७, आणि १० अंशांना जेमतेम ९. मध्यम आकाराच्या खोलीत तीसेक घनमीटर हवा असते. आता अडीच हजार ग्रॅम त्यात घालून बघा. खिडकी बंद असेल तर हवा लवकरच भरते, वाळणं थांबतं, आणि जास्तीची वाफ थंड भिंतींवर, कपाटामागे बसते. बुरशी तिथेच धरते. दम्याच्या किंवा आजारी माणसाच्या खोलीत तर स्टँड नकोच.

निवांतताईंच्या घरी दोनच मार्ग दिसतात. बाहेरची हवा कोरडी असेल तर खिडकी उघडून पंखा, आणि पंखा छताचा नव्हे, बाजूने कपड्यांच्या ओळींतून आरपार जाईल असा. पंख्याला वीज अगदी कमी लागते. बाहेर सतत पाऊस असेल तर उघड्या खिडकीने ओल आतच येईल. तेव्हा छोटी खोली बंद करून आत डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला ओलावा काढून घेणारं यंत्र लावा. तोही आतून हीट पंपच, फक्त ड्रम नसलेला. कपडे घासले जात नाहीत, त्यामुळे लोकर आणि नाजूक कपड्यांना मला तर ड्रायरपेक्षा तोच बरा वाटतो.

चिमटेबहाद्दर
टाकायची पद्धतही बघा. जागा तीच, पण लोक कपडे असे टाकतात की वाळायलाच नकोत. पँट उलटी करून कमरेने लटकवा, खिशांची अस्तरं बाहेर, चेन उघडी. कमरपट्टी आणि खिसे शेवटी वाळतात, त्यांनाच वारा द्यायचा. टी-शर्ट खालच्या काठाने, खांद्यावर चिमटा नको. शर्ट हँगरला, वरचं एकच बटण लावून. चादर एका दोरीवर दुमडून टाकली की दोन थर एकमेकांना चिकटतात. दोन दोऱ्यांवर टाका, मधून हवा जाऊ द्या. लांब कपड्याशेजारी आखूड, मग पुन्हा लांब. आणि दोन कपड्यांत चार बोटं जागा. सगळे कपडे दाटीवाटीने टाकण्यापेक्षा दोन हप्त्यांत टाकलेले लवकर वाळतात.

रंगीत कपडे उलटे. हे सगळ्यांना माहीत असतं, करत कोणी नाही.

निवांत
मंडळी, घरात एकदाचं एकमत झालंय. हीट पंपचा ड्रायर घ्यायचा, पण दुपटी, चादरी आणि पावसातल्या जीन्सपुरता. मालिशीचे टॉवेल, सासूबाईंचे कपडे आणि नवऱ्याचे शर्ट बाल्कनीत. लोकरीचं स्टँडवर आडवं पसरून. आता एक व्यावहारिक प्रश्न: काय टाकायचं आणि काय नाही, हे लेबलवर कसं ओळखायचं? चौकोनात काहीबाही असतं.

नेमकंच
चौकोन म्हणजे वाळवणं. त्यात गोल असेल तर ड्रायर. गोलात एक टिंब म्हणजे कमी उष्णता, दोन म्हणजे नेहमीची. फुली म्हणजे टाकायचं नाही. गोल नसून रेघा असतील तर ड्रायरशिवाय वाळवायच्या पद्धती: एक उभी रेघ म्हणजे दोरीवर, दोन उभ्या म्हणजे न पिळता निथळत ठेवून, एक आडवी म्हणजे सपाट पसरून. डाव्या वरच्या कोपऱ्यात तिरपी रेघ जोडलेली असेल तर सावलीत. आयएसओ ३७५८ या आंतरराष्ट्रीय मानकातली चिन्हं आहेत, त्यामुळे बहुतेक कपड्यांवर अर्थ तोच.

खटपट्या
दुपट्यांसाठी घेताय म्हणून: सुगंधी ड्रायर शीट, म्हणजे कपड्यांसोबत ड्रममध्ये टाकायचे वासाचे तुकडे, वापरू नका. त्यांचा मेणचट थर जाळीवर आणि ओलावा ओळखणाऱ्या सेन्सरवर बसतो, मग मशीन कपडे ओले असतानाच थांबतं. बसलाच असेल तर ड्रमच्या तोंडाशी धातूच्या दोन पट्ट्या दिसतील, त्या ओल्या फडक्याने पुसायच्या. जाळी साबणाच्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच परत बसवा.

निवांत
आणि ती जाळी कुठे वाळवायची? :)

चिमटेबहाद्दर
दोरीवर. चिमटा मी देतो.